११८० ग्रॅमचं बाळ पुढे नॉर्मल होईल का?

तुम्ही लिहिलंय की बाळ ११८० ग्रॅमचं आहे, आज सातवा दिवस, सीपॅपवर (नाकातून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) आहे, नळीतून दर दोन तासांनी ३ मिली दूध चालू केलंय, डॉक्टरांना विचारलं की "आत्ताच काही सांगता येत नाही" एवढंच म्हणतात, आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की मूल पुढे नॉर्मल होईल का, डोळे, मेंदू, शाळा सगळंच. वजन अगदी ग्रॅममध्ये लिहिलंत, पण बाळ किती आठवड्यांचं झालं ते लिहिलंच नाही. हे तुमचं एकट्याचं नाही हो, मी २२ वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काढली, जवळपास सगळे बाबा हेच करतात, कारण वजन काट्यावर दिसतं, रोज बदलतं, नातेवाइकांना फोनवर सांगता येतं. आठवडे आईच्या फाइलमध्ये पडून असतात.

पण मला आधी आठवडे लागतात. १५०० ग्रॅमच्या खालच्या बाळाला आम्ही व्हेरी लो बर्थ वेट म्हणतो, १००० च्या खाली गेलं की एक्स्ट्रीमली लो, आणि ही विभागणी वजनावर केलीय ती मुख्यतः सोयीसाठी, वजनकाटा कुठेही असतो आणि तारखा मात्र बऱ्याचदा चुकलेल्या असतात. प्रत्यक्षात ११८० ग्रॅमची दोन बाळं शेजारशेजारच्या पेट्यांमध्ये (ऊब देणारे इनक्युबेटर) असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एक २८ आठवड्यांचं, म्हणजे आत नीट वाढत होतं, फक्त लवकर बाहेर आलं, त्याचं वजन त्याच्या वयाला बरोबर आहे पण फुप्फुसं कच्ची, मेंदूतल्या रक्तवाहिन्या नाजूक, श्वास घ्यायचं मधूनच विसरतं. दुसरं ३३ आठवड्यांचं, खरं तर दोन किलोच्या आसपास असायला हवं होतं, पण वारेतून पोषणच पोचलं नाही म्हणून वाळलेलं, कपाळावर आठ्या, म्हाताऱ्यासारखा चेहरा, डोळे टकटकीत उघडे. ह्या दुसऱ्याची फुप्फुसं बरीच तयार असतात, मेंदूत रक्तस्राव व्हायचं वय मागे पडलेलं असतं, पण ह्याची साखर पटकन खाली येते आणि आतडी उपाशी राहिलेली असल्यामुळे दूध वाढवताना जपावं लागतं. तर पहिलं काम म्हणजे आठवडे बघा. आत मिळालेला एकेक आठवडा बाहेरच्या शंभर ग्रॅमपेक्षा मोलाचा असतो, निदान ह्या वयात तरी.

तुमचं बाळ सीपॅपवर आहे म्हणजे मी धरून चालते की २८ ते ३० आठवड्यांच्या मधलं असेल, चूक असेल तर सांगा, पुढचं बरंचसं त्यावर बेतलंय.

दुसरी गोष्ट फाइलमध्ये शोधायची ती म्हणजे डिलिव्हरीच्या आधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळाली होती का. ह्याची गोष्ट मला फार आवडते. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात ते शोधत होते, स्टेरॉइड देऊन बघत होते, आणि इतक्या लवकर जन्मलेलं कोकरू जगायलाच नको होतं ते श्वास घेताना सापडलं. त्यावरून पुढे लिगिन्स आणि हॉवी ह्यांनी १९७२ मध्ये बायकांवरच्या ट्रायलचे निकाल छापले, फुप्फुसाचा आजार कमी झाला, बाळांचे मृत्यू कमी झाले. तरी हे सगळीकडे रोजच्या वापरात यायला आणखी वीसेक वर्षं गेली, का ते मला विचारू नका, चीड येते. बाळाच्या पहिल्या तासात आम्ही जे काही करतो त्यातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा ते इंजेक्शन जास्त काम करून गेलेलं असतं. शिवाय मुलगी आहे की मुलगा (मुली ह्या बाबतीत चिवट, हे खरंच आहे), एकटं की जुळं, आणि जिथे एनआयसीयू आहे तिथेच जन्मलं की गाडीतून आणावं लागलं, ह्या सगळ्यानं फरक पडतो.

जगण्याबद्दल सरळ सांगते, कारण तुम्ही ते विचारलं नाहीत आणि मनात तेच असणार. सगळी सोय असलेल्या ठिकाणी २८ आठवड्यांची शंभरातली नव्वदहून जास्त बाळं घरी जातात. आणि जिथे ऊब, दूध, इन्फेक्शनपासून बचाव आणि श्वासाला साधी मदत एवढंही मिळत नाही तिथे ३२ आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्यांतली निम्मी जातात. बाळं तीच, जन्माची जागा वेगळी. मृत्यूंमधले बरेचसे पहिल्या काही दिवसांत होतात, तुमचा आज सातवा दिवस आहे, सीपॅपवर आहे म्हणजे स्वतः श्वास घेतंय, दूध पचतंय, तर ह्या हिशोबात तुम्ही बऱ्यापैकी पुढे आलात. पूर्ण सुटलात असं मात्र म्हणणार नाही, ते का ते खाली येईलच.

फुप्फुसं. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांचा मुलगा साडेचौतीस आठवड्यांचा, २१०० ग्रॅमचा जन्मला आणि दोन दिवस व्हायच्या आत गेला, फुप्फुसात सर्फॅक्टंट नाही म्हणून. हा आजार सर्फॅक्टंटच्या कमतरतेचा आहे हे १९५९ पासून माहीत होतं, पण द्यायला काही नव्हतं. सर्फॅक्टंट म्हणजे साबणाच्या फेसासारखं काम करणारा एक थर, तो नसेल तर श्वास सोडला की फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांच्या भिंती आतून चिकटतात आणि प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका जड होतो. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा ह्यांनी ते बाळांना नळीतून देऊन दाखवलं आणि तिथून चित्रच पालटलं. आज साडेचौतीस आठवड्यांचं बाळ त्या कारणाने गेलं तर तो चौकशीचा विषय होईल. सीपॅप त्याचंच साधं भावंड, नाकाशी सतत थोडा दाब ठेवायचा म्हणजे फुगे पूर्ण मिटत नाहीत. सातव्या दिवशी सीपॅपवर असणं २८-२९ आठवड्यांच्या बाळाला अगदी रीतसर आहे, "अजून मशीनवर आहे" म्हणून घाबरू नका. आई-वडिलांना वाटतं मशीन लवकर काढलं म्हणजे बाळ स्ट्राँग, पण घाई करून काढलं आणि परत लावावं लागलं तर त्यात बाळ दमतं.

मॉनिटर मधूनच बोंबलतो, नर्स येऊन बाळाच्या तळपायाला बोटाने चोळते आणि आकडे परत जागेवर येतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. त्याला ॲप्निया म्हणतात, मेंदूचं श्वासाचं केंद्र अजून कच्चं आहे. त्यासाठी बहुतेक कॅफिन चालू असेल, हो, कॉफीतलंच. २००६-०७ मध्ये ५०० ते १२५० ग्रॅमच्या साधारण दोन हजार बाळांवरच्या ट्रायलचे निकाल आले, तुमचं बाळ त्यात बरोबर बसतं. दिलं होतं श्वासासाठी, पण फुप्फुसाचा दीर्घ आजार कमी झाला आणि दीड वर्षाच्या तपासणीत सेरेब्रल पाल्सीही (मेंदूच्या इजेमुळे हालचालीत येणारी कायमची अडचण) कमी निघाली, ७.३ टक्क्यांवरून ४.४ वर. इतक्या स्वस्त आणि जुन्या औषधाने एवढं केलं, मी आमच्या ज्युनिअर्सना हे नेहमी सांगते. ३६ आठवड्यांच्या वयालाही ऑक्सिजन लागत असेल तर त्याला बीपीडी म्हणतात, अशा मुलांना पहिली दोन वर्षं साध्या सर्दीचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही, परत ॲडमिट व्हावं लागतं. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर आत्ताच सोडायला सांगा, गॅलरीत जाऊन ओढतो वगैरे चालणार नाही, धूर कपड्यांतून येतो.

आता ऑक्सिजन, ह्यावर जरा थांबते. मॉनिटरवर सॅच्युरेशन ९९ दिसलं की आई-बाबा खूश होतात आणि नर्स येऊन ऑक्सिजन कमी करते, तेव्हा तुम्हाला वाटतं ही बाई काय करतेय. ती बरोबर करतेय. ऑक्सिजन चालू असलेल्या छोट्या बाळाचं सॅच्युरेशन आम्हाला साधारण ९० ते ९५ च्या मध्ये हवं असतं. (ऑक्सिजन नाहीच आणि साध्या हवेवर ९९ असेल तर बिनधास्त खूश व्हा.) १९४०-५० च्या दशकांत पेट्यांमध्ये भरभरून ऑक्सिजन दिला जायचा आणि हजारो मुलं आंधळी झाली, गायक स्टीव्ही वंडर १९५० सालचे, त्यांची दृष्टी ह्याच आजाराने गेली. मग ऑक्सिजन कडक कमी केला तर डोळे वाचले पण बाळं जास्त दगावली. अजूनही तीच तारेवरची कसरत आहे, २०१० च्या मोठ्या ट्रायलमध्येही खालची पातळी ठेवली तर डोळ्यांचा आजार कमी पण मृत्यू जास्त, असंच निघालं.

हा डोळ्यांचा आजार म्हणजे आरओपी. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात हळूहळू कडेपर्यंत पोचायच्या असतात, बाळ मध्येच बाहेर आलं की त्या थांबतात आणि नंतर वेड्यावाकड्या वाढतात. जन्मताना हा आजार नसतो, तो नंतर तयार होतो, म्हणून पहिली तपासणी जन्मानंतर तीन-चार आठवड्यांनी असते (१२०० ग्रॅमच्या आतल्या किंवा २८ आठवड्यांच्या आधीच्या बाळाची दोन-तीन आठवड्यांनीच) आणि मग पडदा पूर्ण तयार होईपर्यंत आठवड्या-दोन आठवड्यांनी परत परत. बाहेरून काहीही दिसत नाही, बाळ लाइटकडे बघतंय, हसतंय, सगळं छान. आणि लेझरची किंवा इंजेक्शनची वेळ आली की दोन-तीन दिवसांतच करावं लागतं, पुढच्या महिन्यात नाही. एक बाळ मला विसरता येत नाही, सगळ्या अडचणींतून पार होऊन दोन किलोचं होऊन घरी गेलं, डिस्चार्ज कार्डवर डोळ्यांची तारीख लिहिलेली होती, पण कार्ड घाईघाईत हातात दिलं, कोणी बसवून समजावलं नाही, बाळ गुटगुटीत दिसतंय मग कशाला त्रास म्हणून घरच्यांनी नेलं नाही. पाच महिन्यांनी आई घेऊन आली, बाहुली पांढरी दिसतेय म्हणाली. पडदा सुटला होता दोन्हीकडे. मेंदू उत्तम, फुप्फुसं उत्तम. तेव्हापासून मी तारीख कार्डवर तर लिहितेच, शिवाय वडिलांच्या फोनमध्ये माझ्यासमोर रिमाइंडर लावायला लावते, तुम्हीही आत्ता लावा, जन्मतारखेपासून १४ वा दिवस, आणि त्या दिवशी डॉक्टरांना विचारा की डोळ्यांची तपासणी कधी.

मेंदू. टाळू अजून मोकळी असते त्यामुळे तिच्यावर प्रोब ठेवून सोनोग्राफी करता येते, बाळाला हलवावंही लागत नाही. मेंदूच्या आतल्या भागात एक अगदी नाजूक रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो, तो साधारण ३२ आठवड्यांनंतर विरत जातो. त्याआधी बाळ बाहेर आलं आणि रक्तदाब वरखाली झाला की तो फुटू शकतो, आणि बहुतेक वेळा हे पहिल्या तीन दिवसांतच होतं. म्हणजे तुमची सोनोग्राफी झाली असेल आणि त्यात रक्तस्राव नाही म्हणाले असतील तर एक मोठा डोंगर पार झाला. रक्तस्राव ग्रेड १ किंवा २ लिहिलं असेल तर तो शब्द वाचून रडू नका, त्यातली बहुतेक मुलं चांगली होतात. ३ आणि ४ मध्ये काळजी खरी असते, तरी तिथेही एका बाजूला आहे की दोन्ही, डोक्यात पाणी वाढतंय का, ह्यावर पुष्कळ अवलंबून असतं, आणि मी ग्रेड ४ वाली मुलगी सायकल चालवताना पाहिली आहे, एक पाय किंचित ओढत, पण जोरात. दुसरी इजा म्हणजे मेंदूच्या पांढऱ्या भागाची, ती लगेच दिसत नाही, तीन-चार आठवड्यांनी छोट्या पोकळ्या दिसू लागतात. म्हणून एक सोनोग्राफी बाळ महिन्याचं झाल्यावर आणि एक मूळ डिलिव्हरीच्या तारखेच्या आसपास व्हायलाच हवी. डॉक्टर "सांगता येत नाही" म्हणतात ते टाळाटाळ म्हणून नाही, जी गोष्ट अजून दिसायचीच आहे ती कशी सांगणार.

तुमच्या हातात काय आहे ते आता सांगते, कारण काचेबाहेर उभं राहून माणूस वेडा होतो. पहिलं दूध. ३ मिली म्हणजे चमच्यापेक्षा कमी, बघून वाटतं ह्याने काय होणार. पण आईच्या दुधामुळे एनईसी नावाचा आतड्याचा भयंकर आजार कमी होतो, तो नेमका दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येतो, जेव्हा सगळ्यांना वाटतं आता बाळ सेटल झालं. (वर म्हटलं ना पूर्ण सुटला नाहीत, ते ह्यासाठी.) आईचं कमी पडलं आणि दात्या आईच्या दुधाऐवजी पावडरचं दिलं तर हा धोका जवळपास दुप्पट होतो. पोट अचानक फुगलं, हिरवं आलं, शीमध्ये रक्त दिसलं, बाळ एकदम मलूल झालं की दूध बंद करतात, तेव्हा "कशाला उपाशी ठेवता" म्हणून भांडू नका. आईने दिवसाला आठ वेळा तरी दूध काढायचं, रात्री एकदा धरून, आलं नाही तरी काढायचं. पहिल्या दिवसांत थेंब थेंब येतं, एका आईने मला सिरिंजच्या तळाशी जेमतेम भिजेल इतका पिवळा चीक आणून दिला आणि सॉरी म्हणाली. मी तो बाळाच्या गालाच्या आतून बोटाने लावला, तो थेंब वाया जाण्यासारखा नसतो. तुम्ही बाबा म्हणून पंप धुवायचा, वेळा लिहायच्या, आणि तिला "आज किती आलं" असं दर वेळी विचारायचं नाही. अंगावर ओढून प्यायला ३२-३४ आठवडे उजाडतील, चोखणं, गिळणं आणि श्वास ह्यांचा मेळ त्याआधी बसत नाही.

दुसरं, हात. इन्फेक्शनने जेवढी बाळं हातची गेलेली पाहिली तेवढी मशीन बिघडून नाही. अंगठी, घड्याळ काढा, कोपरापर्यंत धुवा, आणि धुतल्यावर फोनला हात लावला तर परत धुवा. डॉक्टर हात न धुता आले तर त्यांनाही सांगा, मला सांगितलंय एका आजीने, ती बरोबर होती. आणि दर वेळी "एक ब्लड टेस्ट करूनच टाका" असा आग्रह धरू नका, ११८० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त १०० मिलीच्या आसपास, त्यातलं एक मिली काढलं म्हणजे तुमच्या अंगातून पन्नासेक मिली काढल्यासारखं.

तिसरं कांगारू. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात पेट्या अपुऱ्या पडायच्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, म्हणून डॉक्टर एडगर रे सानाब्रिया ह्यांनी बाळं आयांच्या छातीवरच बांधली. पुष्कळ वर्षं ह्याला गरिबांचा इलाज म्हणून नाक मुरडलं गेलं. आणि २०२१ मध्ये पाच देशांतल्या ट्रायलचे निकाल आले, १ ते १.८ किलोची बाळं, तब्येत स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवलेली, तर महिनाभरातले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ वर आले. ती ट्रायल मध्येच थांबवावी लागली, दुसऱ्या गटाला हे न देणं बरोबर वाटेना म्हणून. सीपॅप चालू असतानाही कांगारू करता येतं, विचारा. बाबांच्या छातीवरही चालतं. पहिल्यांदा ठेवतील तेव्हा तुम्ही श्वाससुद्धा भीतभीत घ्याल, मग अर्ध्या तासाने मॉनिटरकडे बघा, ठोके कसे संथ होतात.

आता मोठेपणी काय, तुमचा मूळ प्रश्न. १५०० ग्रॅमच्या खालच्या वाचलेल्या मुलांत शंभरात पाच ते दहा जणांना सेरेब्रल पाल्सीसारखी हालचालीची मोठी अडचण राहते. त्याहून कितीतरी जास्त, पाव ते निम्म्या मुलांत, बारीक अडचणी असतात, लक्ष टिकत नाही, गणित जड जातं, बटण लावायला वेळ लागतो, वर्गात गोंगाट झाला की चिडतात. ह्या बारीक अडचणींबद्दलच मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं, कारण मोठी अडचण लपत नाही, मूल आपोआप डॉक्टरकडे येतं. बारीक अडचण सात-आठ वर्षांनी शाळेत उगवते आणि तोपर्यंत जन्माची फाइल माळ्यावर गेलेली असते, मग शिक्षक म्हणतात आळशी आहे, घरचे म्हणतात मन लावत नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता, तिसरीतला, वाचन फर्डं, गोष्टी रंगवून सांगायचा, आणि फळ्यावरची बेरीज वहीत उतरवताना आकडे एका रांगेत येईनात. मी चौकटीची वही दिली, एका चौकटीत एक आकडा. पहिल्या चाचणीत निम्म्या बेरजा बरोबर. तो मठ्ठ नव्हता, त्याची नजर आणि हात ह्यांचा हिशोब जुळत नव्हता एवढंच, आणि हे ३० आठवड्यांच्या मुलांमध्ये आम्ही इतक्या वेळा पाहतो की आई आत यायच्या आधीच मी ती वही काढून ठेवते.

एक अभ्यास तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये १९७७ ते ७९ मध्ये जन्मलेली २४२ व्हेरी लो बर्थ वेट मुलं, सरासरी वजन ११७९ ग्रॅम, बघा, तुमच्या बाळापेक्षा एक ग्रॅम कमी. वीस वर्षांचे झाल्यावर त्यांना परत तपासलं. शाळा पूर्ण केलेले ७४ टक्के, पूर्ण वजनाने जन्मलेल्यांत ८३. आयक्यू सरासरी ८७ विरुद्ध ९२. नजर, कान, हालचाल ह्यांची मोठी अडचण १० टक्क्यांना, दुसऱ्या गटात एका टक्क्याहून कमी. म्हणजे फरक आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण दारू आणि ड्रग्जच्या वाटेला ही मुलं कमी गेली होती! आणि लक्षात घ्या, ती सर्फॅक्टंटच्या आधीची, कॅफिनची ट्रायल व्हायच्या आधीची बाळं, तुमच्या बाळाला त्यांच्यापेक्षा जास्त मिळालंय. कॅनडात त्याच काळातल्या १००० ग्रॅमच्या खालच्या मुलांना किशोरवयात विचारलं की तुमचं आयुष्य कसं वाटतं, तर बहुतेकांनी स्वतःला बाकीच्यांइतकेच मार्क दिले. डॉक्टर लोक मात्र अशा आयुष्यांना मार्क द्यायला कंजूष असतात, त्यात मीही आले. फिनलंडमध्ये अशा मोठ्या झालेल्यांचा रक्तदाब थोडा जास्त आणि इन्सुलिनला प्रतिसाद थोडा कमी निघाला, म्हणून बाळ अशक्त होतं म्हणून पुढे ठासून ठासून खायला घालून लठ्ठ करायचं नाही, आणि मोठेपणी बीपी बघत राहायचं.

घरी गेल्यावर वय मोजायचं ते मूळ डिलिव्हरीच्या तारखेपासून, ह्याला करेक्टेड वय म्हणतात, दोन वर्षांचं होईपर्यंत हाच हिशोब. शेजारचं मूल सहा महिन्यांत बसलं आणि आपलं नाही म्हणून झोप उडवू नका, आपलं करेक्टेड अजून साडेतीनच असेल. लसी मात्र खऱ्या जन्मतारखेनेच द्यायच्या आणि पूर्ण डोस, अर्धा नाही, फक्त दोन किलोच्या आत हेपटायटिस बी कधी द्यायची ते डॉक्टर ठरवतात. कानांसाठी नुसती साधी चाचणी पुरत नाही, एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची बेरा करून घ्या, कानापासून मेंदूपर्यंतचा रस्ता त्यात कळतो, करेक्टेड तीन महिन्यांच्या आत निकाल हातात हवा. लोह आणि डी जीवनसत्त्व लिहून देतील ते मधेच सोडू नका.

आणि एक चिन्ह, जे घरोघरी उलटं वाचलं जातं. तीन-चार महिन्यांचं बाळ उभं धरलं की पाय कडक करून चवड्यांवर ताठ उभं राहतं आणि आजी कौतुकाने म्हणते, बघा किती ताकद, लवकर चालणार. तो बऱ्याचदा स्नायूंचा कडकपणा असतो, दाखवायला आणा. मुठीत अंगठा दाबून सतत हात मिटलेले, करेक्टेड चार महिन्यांनंतरही मान नाही, वर्षाच्या आत एकाच हाताने सगळं घेतंय (डावखुरं आहे म्हणून सोडून देतात), हे सगळं दाखवायचं. फिजिओथेरपी मेंदूची इजा पुसत नाही, पण पहिल्या वर्षात मेंदू स्वतःला नव्याने जोडत असतो, तेव्हा सुरू केलेल्याचा जितका उपयोग तितका तीन वर्षांनी होत नाही.

तुमच्या मिसेसबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. विचारा तिला, झोपते का, जेवते का, बाळाजवळ यायला घाबरते का. काही आया पेटीजवळ येतच नाहीत, लोकांना वाटतं माया नाही, खरं म्हणजे बाळ गेलं तर काय ह्या भीतीने लांब राहतात. दोन आठवड्यांनीही रडणं थांबत नसेल तर तिला डॉक्टर हवा, धीर देणारे नातेवाईक नकोत.

डॉक्टरांना "नॉर्मल होईल का" विचारू नका, त्याचं उत्तर कोणालाच देता येत नाही म्हणून ते आक्रसतात. छोटं विचारा. ऑक्सिजन कालपेक्षा कमी लागतोय का, दूध किती मिलीवर आलं, गेल्या २४ तासांत किती ॲप्निया, पहिली सोनोग्राफी झाली का, दुसरी कधी. ह्यांची उत्तरं त्यांच्याकडे असतात आणि ती देताना ते आपोआप जास्त बोलतात, मी पण तशीच आहे. वजनाचं पहिल्या आठवड्यात विचारूच नका, दहा-पंधरा टक्के उतरतंच, दहाव्या ते चौदाव्या दिवशी परत जन्मवजनावर येतं, मग रोज वीसेक ग्रॅम.

उद्या गेलात की फाइल मागून तीन गोष्टी बघा आणि मला कळवा: जन्माच्या वेळी आठवडे किती, आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन डिलिव्हरीच्या किती तास आधी मिळालं, आणि डोक्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली शेवटची ओळ. रिपोर्टचा फोटो पाठवू नका, त्यावर नाव-पत्ता असतो, ती ओळ तेवढी टाइप करा.